मोजायचं की मापायचं? : इंग्रजी नामांचं लेजर

  

आजचा विषय एका मुलीनं दिला. निपाणीकडची आहे. इथं म्हैसुरात एका खाजगी कंपनीत नोकरीला लागली, त्याला आता वर्ष झालं. तिचे वडील माझ्या ओळखीचे, म्हणून रविवारी कधीमधी आमच्याकडे जेवायला येते. मागच्या महिन्यात आली तेव्हा गप्पगप्प होती. जेवण झाल्यावर म्हणाली, "काका, मी आता मीटिंगमध्ये बोलत नाही." का गं? तर तिनं मीटिंगमध्ये विचारलं होतं, "आय नीड सम मोअर इन्फर्मेशन्स." वरिष्ठ हसले, ते हसले म्हणून बाकीचे हसले. त्या दिवसापासून कोणी 'इन्फर्मेशन' शब्द उच्चारला की एकजण मुद्दाम शेवटी 'स' लावतो. "सातवीपर्यंत मराठी शाळेत होते, काका. कुठल्या शब्दाला एस लागतो आणि कुठल्या नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही."

मी तिला म्हणालो, मलाही शाळेत कुणी धड सांगितलं नव्हतं. मला ते एका लेजरनं शिकवलं.

कमिशन मिळून तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मला काही महिने क्वार्टरमास्टरचं काम पाहावं लागलं. क्वार्टरमास्टर म्हणजे पलटणीचा कोठीवाला समजा. बूट, ब्लँकेट, तंबू, केरोसीन, दोर, सगळं त्याच्या ताब्यात. लेजरमध्ये प्रत्येक वस्तूच्या नावापुढे एक छोटा रकाना असायचा, ती वस्तू कुठल्या एककात धरायची त्याचा. ब्लँकेट : नंबर. बूट : जोडी. केरोसीन : लिटर. दोर : मीटर. साखर : किलो. हा रकाना चुकला की सगळा हिशेब कोसळला. बुटांपुढे जोडीऐवजी नंबर लिहिलं की शंभर जवानांना पन्नास जोड्या आल्याच म्हणून समजा.

मंडळी, इंग्रजी भाषा अशीच लेजर ठेवून बसली आहे. प्रत्येक नामापुढे तिनं मनातल्या मनात लिहून ठेवलंय : हे मोजायचं, की हे मापायचं. जे मोजायचं ते काउंटेबल. जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. आपल्या मराठीत 'मोजमाप' हा जोडशब्द आहे ना? त्यातला 'मोज' एका रकान्यात, 'माप' दुसऱ्या रकान्यात. आजचा अख्खा धडा त्या एका शब्दात आहे.

आता अडचण कुठं येते ते पाहू. आपण विचारतो, "किती पोळ्या?" आणि "किती दूध?" दोन्हीकडे 'किती'. "पुष्कळ माणसं, पुष्कळ पाणी." "थोड्या शेंगा, थोडं मीठ." आपला शब्द तोच राहतो. इंग्रजीत मात्र तोंड उघडण्याआधीच लेजर बघावं लागतं. पोळ्यांना 'हाउ मेनी', दुधाला 'हाउ मच'. शेंगांना 'अ फ्यू', मिठाला 'अ लिटल'. मोजायच्या नामाला एकवचनात 'ए' किंवा 'अ‍ॅन' लागतो आणि अनेकवचनात एस. मापायच्या नामाला यांतलं काहीच लागत नाही, आणि क्रियापद नेहमी एकवचनी, 'इज'. नियम एवढाच. चार ओळींचा.

आणि यात इंग्रजही अडखळतात बरं का. 'कमी' म्हणायला त्यांच्याकडे दोन शब्द आहेत. मोजायच्या वस्तूंना 'फ्यूअर', मापायच्या वस्तूंना 'लेस'. ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांत थोडं सामान घेतलेल्यांसाठी वेगळी रांग असते, तिथं पाटी असायची, 'टेन आयटम्स ऑर लेस'. व्याकरणवाले म्हणायचे, आयटम्स मोजायचे असतात, फ्यूअर लिहा. शेवटी २००८ साली टेस्को या कंपनीनं पाटीच बदलली : 'अप टू टेन आयटम्स'. लेसही नको आणि फ्यूअरही नको. फौजेत याला म्हणतात, शत्रूला बगल देऊन पुढे जाणं.

तुम्ही म्हणाल, यात कठीण काय? ज्याचे दाणे, तुकडे, नग पडतात ते मोजायचं. जे सलग असतं ते मापायचं. पाणी सलग, खुर्ची नग. पण भाषा वस्तूकडे बघून लेजर लिहीत नाही, आपल्या सवयीनं लिहिते. तांदळाचे दाणे मोजता येतात, तरी इंग्रजीत 'राइस' मापायचा. व्हीट मापायचा, पण ओट्स अनेकवचनी. बीन्स अनेकवचनी. याला तर्क नाही.

हसू नका, आपल्या घरातही नाही. स्वयंपाकघरातल्या फडताळाशी उभं राहा आणि काय संपलं ते सांगा. रवा संपला. पोहे संपले. साबुदाणा संपला. चुरमुरे संपले. ज्वारी संपली. शेवया संपल्या. साबुदाणा एकवचनी का आणि पोहे अनेकवचनी का? साबुदाण्याचे दाणे तर पोह्यांपेक्षा सुबक, एकेक वेगळे. तरी पाच वर्षांचं मराठी पोरसुद्धा "पोहे संपला" म्हणणार नाही. त्याला कुणी नियम शिकवलेला नसतो. त्याच्या कानात लेजर भरलेलं असतं. त्या निपाणीच्या मुलीच्या कानात मराठीचं लेजर पक्कं आहे, इंग्रजीचं अजून भरायचंय. यात अक्कल कमी-जास्त असण्याचा प्रश्न येतोच कुठं?

गाव बदललं तरी हे बदलतं. महाराष्ट्रात आपण केळी डझनावर घेतो. इथं म्हैसुरात केळी किलोवर. फळ तेच. तिथं मोजतात, इथं तोलतात. देवराज मार्केटमध्ये जा. म्हैसूरची मल्लिगे मोळावर मिळते. मोळ म्हणजे हात, कोपरापासून बोटापर्यंतचा. फुलं तर एकेक मोजता येतील, पण फुलवाली ती माळ हातावर मापून देते. आणि कन्नडमध्ये दोन पुस्तकं हवी असतील तर "एरडु पुस्तक" म्हटलं तरी चालतं. 'दोन' म्हटलंय ना, मग पुस्तकाला पुन्हा अनेकवचन कशाला? प्रत्येक भाषेचा कोठीवाला वेगळा, रकाने वेगळे.

आता कामाचं बोलू. आपल्या लोकांचे शब्द कुठं चुकतात? मी त्याचे दोन ढीग करतो.

पहिला ढीग : लेजरमधली शीर्षकं. कोठीत वर लिहिलेलं असतं 'फर्निचर', खाली टेबल, खुर्ची, कपाट. शीर्षक मोजत नाहीत, खालचे नग मोजतात. म्हणून फर्निचर, इक्विपमेंट, लगेज, ज्वेलरी, मशिनरी, स्टेशनरी, कटलरी, क्लोदिंग, ट्रॅफिक, अ‍ॅम्युनिशन हे सगळे मापायच्या रकान्यात. खाली चेअर, मशीन, बॅग, रिंग, पेन्सिल, स्पून, शर्ट, कार, राउंड हे मोजायचे. 'इक्विपमेंट्स' आणि 'फर्निचर्स' असं आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसतं. काही शीर्षकं या नियमाबाहेर आहेत, टूल्स आणि व्हेजिटेबल्स मोजतात. पण नियम नव्वद टक्के वेळा पार लावतो असा माझा अनुभव.

दुसरा ढीग : डोक्यातला माल. इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, नॉलेज, न्यूज, एव्हिडन्स, प्रोग्रेस, होमवर्क, रिसर्च. हे सगळे इंग्रजीत पाण्यासारखे. आता बघा, 'माहिती'चं अनेकवचन आपण तरी कुठं करतो? "मला दोन माहित्या द्या" असं कुणी म्हणत नाही. म्हणजे त्या मुलीनं मराठीत विचार करून बोलली असती तर चुकली नसती! पण बातमी मात्र आपण मोजतो, बातम्या, आणि इंग्रजी 'न्यूज'च्या शेवटी एस दिसतो तरी तो एकवचनी, 'द न्यूज इज गुड'. तिथं जपायचं.

यातच नोकरदारांसाठी एक शब्द : 'लीव्ह'. रजेच्या अर्थानं तो मापायचा. 'आय टुक टू डेज लीव्ह', दोन दिवसांची रजा. 'टू लीव्हज्' म्हटलं की ऐकणाऱ्याला झाडाची दोन पानं दिसण्याची शक्यता. फौजेत मी हे अर्ज इतके वाचलेत की कुणाच्या अर्जावर जंगल किती ते सांगू शकेन.

मग या मापायच्या वस्तू मोजायच्याच असतील तर? इथं आपण मराठी माणसं श्रीमंत आहोत. इंग्रजी म्हणते 'अ बार ऑफ सोप', आपण म्हणतो साबणाची वडी. 'अ शीट ऑफ पेपर', कागदाचा ताव. 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक', लसणाची पाकळी. 'अ बंच ऑफ कोरिअँडर', कोथिंबिरीची जुडी. 'अ पिंच ऑफ सॉल्ट', चिमूटभर मीठ. आणि माझा सगळ्यात आवडता शब्द : डाग. जुनी माणसं प्रवासाला निघाली की स्टेशनवर विचारायची, "एकूण डाग किती?" ट्रंक, वळकटी, पिशवी मिळून पाच डाग. सामान मोजत नाहीत, डाग मोजतात. आणि तोच डाग शब्द सोन्यालाही : "लग्नात चार डाग घातले." आता इंग्रजी ऐका. 'अ पीस ऑफ लगेज.' 'अ पीस ऑफ ज्वेलरी.' सामान आणि दागिना, दोन्हीकडे आपला डाग, दोन्हीकडे त्यांचा पीस. 'अ पीस ऑफ इन्फर्मेशन', 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', हे त्याच वाटेनं जातात. 'पीस ऑफ' हा इंग्रजीतला डाग आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

आता पुढची पायरी. काही शब्द दोन्ही रकान्यांत असतात, आणि रकाना बदलला की अर्थ बदलतो. इथल्या हॉटेलात दोघांत एक कॉफी हवी असेल तर "वन बाय टू कॉफी" सांगतात. कॉफी मुळात मापायची, पण पेल्यात ओतली की नग झाली : 'टू कॉफीज'. आपण "दोन चहा सांग" म्हणतो तसंच. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला. 'आयर्न' म्हणजे लोखंड, 'अ‍ॅन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'हेअर' म्हणजे डोक्यावरचे सगळे केस, 'अ हेअर' म्हणजे आमटीत सापडलेला एक. 'एक्सपीरियन्स' म्हणजे नोकरीचा अनुभव, दहा वर्षांचा; 'एक्सपीरियन्सेस' म्हणजे आयुष्यात आलेले बरेवाईट अनुभव. मुलाखतीत पहिला सांगायचा, नातवंडांना दुसरे. आणि 'कंपनी' म्हणजे सोबत, 'अ कंपनी' म्हणजे शंभराहून जास्त जवानांची तुकडी. "आय हॅड कंपनी लास्ट ईव्हनिंग" म्हटलं तर घरी पाहुणे आले होते. त्यात 'अ' घातला तर एवढ्यांचा स्वयंपाक.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. आता एक हसण्यासारखी नसलेली गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

साधारण १९८८चा हिवाळा. नियंत्रण रेषेजवळच्या एका डोंगराळ चौकीवर मी होतो, नवा कॅप्टन. कित्येक दिवस पाऊस नव्हता, उतारावरचं गवत वाळून कुरकुरीत झालं होतं. रात्री पावणेदहाच्या सुमारास समोरच्या उतारावर वणवा लागला. कशानं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हाला धोका नव्हता, वारा उलट दिशेचा होता. तरी कळवणं माझं काम. रेडिओ नीट लागत नव्हता, म्हणून निरोप लिहून मधल्या चौकीमार्फत पाठवला. आमच्या निरोपांत आर्टिकल गाळायची पद्धत, तारेसारखी. मी लिहिलं : 'फायर ऑन फॉरवर्ड स्लोप सिन्स २१४५ अवर्स.'

मंडळी, मराठीत ही चूक करणंच अशक्य आहे. घराला लागते ती आग. रानात लागतो तो वणवा. चुलीत असतो तो जाळ. बंदुकीतून होतो तो गोळीबार. इंग्रजीत या सगळ्यांना एकच शब्द, फायर. 'अ फायर' म्हटलं की लागलेली एक आग. नुसतं 'फायर', आणि तेही फौजी माणसानं सीमेवरून कळवलेलं, म्हणजे गोळीबार. मराठीनं जे काम चार शब्दांवर सोपवलं, ते इंग्रजीनं एका 'अ'वर टाकलंय. आणि तो 'अ' मी गाळला होता.

मागे मुख्यालयात वाचणाऱ्यानं जे वाचायचं तेच वाचलं. पावणेदहापासून चौकीवर गोळीबार चालू आहे, आणि संपर्क होत नाही. सगळे 'स्टँड टू', म्हणजे शस्त्र घेऊन आपापल्या जागी, रात्रभर. आमच्या मदतीला एक तुकडी निघाली, अंधारात, दवानं निसरड्या झालेल्या पायवाटेनं. त्यातला एक जवान घसरला आणि घोट्यात पाय मोडला. पहाटे तुकडी पोचली तेव्हा मी चहा पीत होतो. त्यांच्या नाईकानं समोरचा काळा पडलेला उतार बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि सॅल्यूट केला. तो सॅल्यूट मी विसरलेलो नाही.

त्या जवानाचा पाय बरा झाला. पण त्या वर्षीचा त्याचा बढतीचा कोर्स हुकला. मी त्याला भेटायला रुग्णालयात गेलो आणि काय झालं ते खरं सांगितलं. तो म्हणाला, "चालतंय साहेब." चालणारं नव्हतं ते.

सीओ साहेबांपुढे उभा राहिलो. मी म्हणालो, सर, आर्टिकल राहिलं. ते म्हणाले, "आर्टिकलचं मला सांगू नकोस. अंधारात, घाईत, तिसऱ्या माणसाच्या हातून जाणाऱ्या निरोपात तू एका अक्षरावर विसंबलासच कसा? 'ग्रास बर्निंग' लिहायला किती वेळ लागला असता?"

हे वाक्य मी आज तीस-पस्तीस वर्षं बाळगून आहे. व्याकरण का शिकायचं, याचं माझ्यापुरतं उत्तर त्यात आहे. लोकांनी हसू नये म्हणून नव्हे. आपलं म्हणणं दुसऱ्याकडे पोचलं पाहिजे म्हणून.

आता या कसोटीवर त्या मुलीचं वाक्य ठेवा. 'आय नीड सम मोअर इन्फर्मेशन्स.' कुणाला कळलं नाही का? त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. अर्थ जिथल्या तिथं पोचला. तिची चूक म्हणजे परेडवर शर्टाचं एक बटण उघडं राहणं. लावायचं बटण, जरूर लावायचं, पण त्यासाठी जवानाला रांगेबाहेर काढून हसत नाहीत. माझी चूक म्हणजे बंदुकीचा सेफ्टी कॅच उघडा राहणं. वाक्य व्याकरणानं नीटनेटकं दिसत होतं, कुणी हसलं नाही, आणि एका माणसाचा पाय मोडला. या दोन चुकांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं दुसऱ्याच्या इंग्रजीवर हसू नये.

आणि हसणाऱ्यांना आणखी एक सांगा. 'पी', म्हणजे वाटाणा, हा शब्द इंग्रजांच्या अशाच एका चुकीतून जन्मलाय. मुळात शब्द होता 'पीज', राइससारखा मापायचा. लोकांना त्यातला शेवटचा आवाज अनेकवचनाचा एस वाटला. सतराव्या शतकात त्यांनी तो काढून टाकला आणि एका दाण्याला 'पी' म्हणू लागले. आज तो शब्दकोशात बसलाय. त्यांच्या चुकीचा शब्द झाला आणि आपल्या चुकीचा विनोद, असं कसं चालेल?

मग बटण लावायचं कसं? माझ्या वडिलांच्या पिढीनं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली. आज एक सोपं साधन हाताशी आहे. हॉर्नबी नावाचे एक इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. जपानी विद्यार्थ्यांना नेमकी हीच अडचण. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर शिकणाऱ्यांसाठी कोश केला, तो १९४२ साली जपानमध्ये निघाला. पुढे १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. आजची ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. त्यात नामापुढे 'सी' किंवा 'यू' असं अक्षर असतं. सी म्हणजे काउंटेबल, यू म्हणजे अनकाउंटेबल. दोन्ही असली तर कुठल्या अर्थाला कुठलं, तेही दिलेलं असतं. माझ्या कोठीच्या लेजरमधला तो छोटा रकाना! लर्नर्स डिक्शनरी कुठलीही घ्या, हा रकाना बघायची सवय लावा. नवा शब्द पाठ करताना एकटा पाठ करू नका. 'पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस', 'सम इक्विपमेंट', असा सोबतीसकट पाठ करा.

आता गृहपाठ. घरातली एक खोली निवडा. तिथल्या वीस वस्तूंची इंग्रजी नावं मराठी लिपीत का होईना, वहीत लिहा. पुढे रकाना आखा : मोज की माप. मापाच्या वस्तूपुढे तिचा डाग लिहा, वडी, ताव, चिमूट, जुडी, जे असेल ते, आणि मग त्याला इंग्रजी शब्द शोधा. शेवटी दोन्ही रकान्यांत बसणारे तीन शब्द काढा आणि अर्थ कसा बदलतो ते एकेका वाक्यात लिहा. घरात नातवंडं असतील तर त्यांच्याशी पैज लावा. मी हरलोय, आधीच सांगतो.

ती मुलगी परवाच्या रविवारी आली होती. मी तिला हा गृहपाठ आधीच दिला होता. वही आणली होती, वीसाच्या जागी एकसष्ट शब्द. म्हटलं, मीटिंगचं काय? म्हणाली, "बोलले, काका. मुद्दाम 'टू पीसेस ऑफ इन्फर्मेशन' म्हणाले." मग? "मग कुणी हसलं नाही. पण मी तिथंच एक दुसरी चूक केली." कुठली? ती सांगेना, आपली हसत बसली.

ती चूक पुढच्या भागात. तोवर वही भरा.

जय हिंद.